नवं मशीन येतंय म्हणे

सून : हा स्क्रू आपोआप ढिला होत नाही, आबा. कुणीतरी ढिला करतं.

आबा : मी कशाला करू? चष्मा माझा, नाक माझं.

सून : जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्यात तुम्ही. घरात पेटीभर स्क्रूड्रायव्हर पडलेत. आणि एवढासा स्क्रू आवळायला दोन बस बदलून माझ्या काउंटरवर येता?

आबा : लिफ्टचं काम दांडगं. हे नाजूक. तुझ्या हाताला जमतं. गर्दी नाही ना आत्ता? असली तर मी आपला बाकावर बसतो.

सून : दुपारचं कोण येतंय चष्मा करायला? डॉक्टरीणबाई पण जेवायला गेल्यात. बसा समोर. बोला.

आबा : बोलायचं असं काही नाही. सहज आलो.

सून : बरं.

आबा : ते नवं मशीन येतंय म्हणे. गेमचं.

सून : हां. भिंगरीनं डोकं खाल्लंय माझं. उठता बसता तेच.

आबा : घेऊ नकोस.

सून : आलात मुद्द्यावर.

आबा : म्हणजे घे. पोरीला घेऊ नको असं मी कशाला म्हणेन? पण लगेच नको. बरंच वाचलंय मी त्याच्याबद्दल. कंपनी अजून तोंड उघडत नाही, पण आतली माणसं बाहेर बोलायला लागलीत. फार तापतं म्हणे. इतकं की वर कपडे वाळत घालावेत.

सून : चांगलंय की. माझे वाळतच नाहीत.

आबा : थट्टा नको करू. डिस्क घालायला फटच नाही त्याला. सगळं इंटरनेटवरून. इंटरनेट गेलं की तो नुसता ठोकळा. आणि रोज एकदा त्यानं कंपनीकडे हजेरी लावायची. नाही लावली तर तुझा गेम तुलाच खेळू देणार नाही.

सून : कोण म्हणालं?

आबा : एक जण लिहितो. त्याचा मेहुणा कारखान्यात आहे म्हणे.

सून : कुठल्या कारखान्यात?

आबा : ते कसं लिहील तो? मेहुण्याची नोकरी जाईल.

सून : आबा, मागे याच मेहुण्यानं सांगितलं होतं की त्याला हात सुद्धा लावावा लागणार नाही, नुसतं मनात आणलं की गेम चालेल.

आबा : तो दुसरा मेहुणा.

सून : चष्मा द्या इकडं. नोजपॅड पण झिजलेत, बदलून टाकते. नाकावर वळ उठलाय तुमच्या, कळत नाही का तुम्हाला?

आबा : एकट्या माणसाला कोण सांगणार, नाकावर वळ आहे म्हणून. तर मी म्हणत होतो, जुन्या मशीनला काय धाड भरलीय?

सून : काही नाही. पण तो गेमवाला जुनं परत घेऊन नवं देतोय, म्हणून परवडतंय मला. शनिवारी नाव नोंदवायचंय.

आबा : जुनं देऊन टाकणार?

सून : दोन-दोन ठेवून काय करू?

आबा : त्यात बेट आहे.

सून : माहितीय.

आबा : भिंगरीचं न् माझं बेट. दर रविवारी संध्याकाळी ती तुमच्या घरून, मी माझ्या घरून. तू नीट बघितलंस का कधी? धक्का बांधलाय आम्ही. होडी आहे. एकानं वल्हवायची आणि दुसऱ्यानं जाळं टाकायचं, एकट्याला जमतच नाही. आणि कड्यावर चढायला मी लिफ्ट केलीय. त्या गेममध्ये लिफ्ट नाहीच आहे मुळात! कप्पी, दोर न् बादल्या जोडून केली. वर जाताना आवाज सुद्धा करते, खऱ्यासारखा.

सून : हो. पाहिलीय लिफ्ट.

आबा : तर ते.

सून : पण जुने गेम नव्या मशीनवर चालतील असंही लिहितायत ना लोक?

आबा : अर्धे म्हणतात चालतील, अर्धे म्हणतात नाही. बेट चालेलही. त्याची मला एवढी काळजी नाही.

सून : मग कसली आहे?

आबा : घरच्यांची.

सून : म्हणजे?

आबा : त्यात 'कुटुंब' म्हणून एक भानगड असते. आत्ताच्या मशीनमध्ये पण आहे. तीन नावं आहेत आपली. भिंगरीचा बाप, भिंगरी, मी. तू म्हणाली होतीस, मला कशाला, मी कुठं खेळते. भिंगरी पडली लहान. तिच्याबरोबर खेळायचं, दोन शब्द लिहायचे, तर माणूस कुटुंबातलाच लागतो. परका चालत नाही. चांगलंय ते, पोरींच्या बाबतीत असावंच. पण आत्तापर्यंत मला कुणी विचारलं नाही की आजोबा, तुम्ही राहता कुठं. नव्यात विचारणार आहेत.

सून : आणि?

आबा : एका घरात, एका वायफायवर राहतात तेवढंच कुटुंब. बाकीचे बाहेर.

सून : हे पण मेहुण्यानं सांगितलं?

आबा : हे सगळेच सांगतायत.

सून : असं कसं? नोकरीसाठी लांब गेलेल्यांनी काय करायचं मग?

आबा : त्यांना सूट आहे. कुटुंबप्रमुखानं कळवायचं की हा माणूस आमचाच आहे, फक्त लांब राहतो. प्रमुखाच्या फोनवर तसं विचारतील. त्यानं एक बटण दाबायचं.

सून : एवढंच ना? मग दाबू दे की प्रमुखाला.

आबा : हं.

सून : अगं बाई. तुमचा मुलगा आहे प्रमुख.

आबा : मशीन त्यानं आणलं होतं. नावं त्यानंच घातली.

सून : फोन केलात त्याला?

आबा : करतो अधूनमधून.

सून : उचलतो?

आबा : त्याच्याकडे रेंज नसते.

सून : आबा.

आबा : नाही उचलत. घटस्फोटाच्या कागदावर तुमच्या दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्यानं मला पण त्याच कागदात बसवून टाकलं. म्हणतो, मी तुझी बाजू घेतली. कुठली बाजू घेतली मी? एवढंच म्हटलं, की बाबा रे, तुमचं काय असेल ते असेल, पण पोरीला भेटायचं सोडू नकोस.

सून : सोडलंच त्यानं.

आबा : म्हणून विचारत नाही मी. बटणाचं. समजा, विचारलं आणि तो नाही म्हणाला? आत्ता निदान अफवा आहे.

गिऱ्हाईक : ताई, झाला का माझा चष्मा?

सून : उद्या सांगितला होता ना तुम्हाला?

गिऱ्हाईक : हो, पण इकडून चाललो होतो. म्हटलं, झाला असेल एखाद्या वेळी.

आबा : उद्या म्हणजे उद्या. काच घासून बसवायची असते त्यात. केस कापून घेण्यासारखं आहे का, की खुर्चीत बसलात आणि झालं?

गिऱ्हाईक : हे कोण? मालक का?

सून : नाही, हे आमचे... हे म्हणजे...

आबा : मी पण गिऱ्हाईकच आहे. माझा पण झालेला नाही. उद्या या.

(गिऱ्हाईक जातं. दाराची घंटी वाजून थांबते.)

सून : असं का सांगितलंत?

आबा : तू अडखळलीस. म्हटलं, सोपं करून द्यावं.

सून : सासरे म्हणणार होते मी. तोंडातच आलं होतं.

आबा : ते आता कागदावर खरं नाही ना. तुझी काय चूक?

सून : माझ्या मुलीचे आजोबा म्हणायला काय झालं होतं मला? ते कुठलं कोर्ट पुसत नाही.

आबा : लांबण लागते फार. गिऱ्हाईक म्हटलं की संपलं.

सून : मला वाईट वाटलं, आबा.

आबा : मला पण थोडं वाटलं. जाऊ दे.

सून : अजून काय काय वाचलंय ते एकदाच सांगून टाका. तुमचा जीव टांगणीला लागलाय, आणि आता माझा पण.

आबा : कॅमेरा आहे एक.

सून : कसला?

आबा : मशीनलाच, पुढच्या बाजूला. गेम सुरू केला की समोर कोण बसलंय ते बघतो. लहान मुलाच्या नावावर मोठं माणूस खेळायला बसलं तर बंद. मोठ्याच्या नावावर मूल बसलं, तरी बंद.

सून : चेहरा ओळखतो?

आबा : नाव-गाव नाही. वय ओळखतो म्हणे, चेहऱ्यावरून.

सून : हे नक्की आहे?

आबा : का गं? दचकलीस का एवढी?

सून : दचकते कशाला. नोजपॅड पडला तुमचा खाली. शोधतेय.

आबा : तुझ्या बोटातच आहे तो.

सून : हो की.

आबा : कॅमेरा आला तर तुझी पंचाईत होईल ना?

सून : माझी? मला काय त्याचं? मी कुठं खेळते?

आबा : भिंगरी केवढी झाली आता?

सून : चौदाची होईल.

आबा : चौदा वर्षांची मुलगी दर रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्याबरोबर मासे धरत बसते, यावर मी विश्वास ठेवीन असं वाटलं तुला?

सून : हा नोजपॅड बसतच नाहीये.

आबा : दे तो चष्मा इकडं. मी बसवतो नोजपॅड.

सून : कधी कळलं?

आबा : माझ्या मोतीबिंदूच्या वेळी. तुझ्याकडंच आलो होतो ना तपासायला. तुला म्हटलं होतं, अंधारातलं काही दिसत नाही मला, पण कुणाला सांगू नकोस. भिंगरीला तर मुळीच नको. पोरगी चिडवून हैराण करेल. तू म्हणालीस, आबा, इथलं इथंच राहतं.

सून : मी खरंच नाही सांगितलं. तिला अजून माहीत नाही.

आबा : तेच तर म्हणतोय. त्या रविवारी मी बेटावर गेलो. बघतो तर धक्क्यापासून घरापर्यंत नुसते कंदील. वाटेवर कंदील, पायऱ्यांवर कंदील, होडीला दोन. माझ्या लिफ्टच्या बादलीला सुद्धा एक बांधलेला. खेळात रात्र पडली तरी मला सगळं लख्ख दिसत होतं. आता भिंगरीला जर माहीतच नाही, तर ते लावले कुणी?

सून : मला वाटलं, तुम्ही म्हणाल, पोरीनं सजावट केली.

आबा : भिंगरी आणि सजावट! अगं, ती मला पाण्यात ढकलायची. मी जाळं टाकायला वाकलो की मुद्दाम होडी हलवणार, आणि वर लिहिणार, आजोबा गेले, आजोबा गेले! तू कधी ढकललं नाहीस. मी उतरेपर्यंत धक्क्यावर उभी राहायचीस. आणि पहिलं वाक्य काय, तर जेवलात का. कुठली नात असं विचारते?

सून : मग बोलला का नाहीत इतके दिवस?

आबा : बोललो असतो, तर तू यायची बंद झाली असतीस.

सून : मी एकदाच बसले होते सुरुवातीला. तिची परीक्षा होती. ती म्हणाली, आई तू बस ना, आजोबांना काय कळतंय. पुढच्या रविवारी ती मैत्रिणीकडे गेली. मग मला वाटलं, तुम्ही एकटेच त्या धक्क्यावर उभे राहाल. मग तशीच सवय झाली. आता ती विचारत पण नाही. वाईट नाहीये हं ती, आबा. तुमची आठवण काढते. पण तिचं तिचं सुरू झालंय. रविवारी ती आत दार लावून मैत्रिणींशी बोलत असते, आणि मी बाहेर तिच्या नावानं मासे धरते.

आबा : छान धरतेस. तिच्यापेक्षा बरी आहेस.

सून : तुमच्यासाठी बसते, असं मनाशी म्हणायचे मी. ते खोटं आहे. अहो, दिवसभर मी लोकांना विचारते, हे स्पष्ट दिसतंय का ते स्पष्ट दिसतंय, पहिलं बरं की दुसरं. मला कुणी काही विचारत नाही. घरी गेले की भिंगरी हं म्हणते, की संपला दिवस. तुम्ही तिथं विचारायचात, आज शाळेत काय झालं? आणि मी शाळेच्या नावाखाली दुकानातलं सगळं सांगून मोकळी व्हायचे.

आबा : कळायचं की. शाळेत एक बाई फ्रेमचा रंग आवडला नाही म्हणून रडली, असं लिहिलं होतंस एकदा.

सून : अय्या, हो. आणि तुम्ही काय लिहिलंत? त्या बाईंना घरी काहीतरी त्रास असणार.

आबा : होताच ना?

सून : होता. दुसऱ्या दिवशी आल्या होत्या, सांगत होत्या.

आबा : घे. झाला बसवून. बघ बरोबर आहे का.

सून : उलटा बसवलात. द्या.

आबा : म्हटलं ना, नाजूक काम आहे.

सून : मग आता काय करायचं, आबा? भिंगरीला शब्द दिलाय मी. शनिवारी जुनं जाणार. नव्यात तुमचं नाव गळणार आणि माझा चेहरा दिसणार.

आबा : अफवा आहे गं.

सून : खरी निघाली तर?

आबा : त्यावरच विचार करून आलोय. बसमध्ये दोनदा मनात घोकलं, तरी तोंडातून निघेना. बघ, म्हणजे तुला पटलं तरच. तू तुझ्या नावानं ये.

सून : माझ्या?

आबा : मोठ्या माणसांना कुटुंब लागत नाही त्यात. दोन मोठी माणसं नुसत्या ओळखीवर खेळू शकतात. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हो म्हणायचं. प्रमुख नको, बटण नको, कुणाच्या हातापाया पडायला नको. माझं मशीन जुनंच राहील, पण ते नव्याशी बोलेल म्हणतात.

सून : आणि बेट?

आबा : ते भिंगरीच्या नावावर आहे. ते तिकडेच राहणार. आपल्याला दुसरं मिळेल. रिकामं.

सून : धक्का नाही.

आबा : नाही.

सून : होडी?

आबा : ती पण करावी लागेल. लाकडं तोडण्यापासून सगळं.

सून : आणि तुमची लिफ्ट?

आबा : करीन की पुन्हा. मला काय, वेळच वेळ आहे. फक्त त्या बादल्या कशा तोलल्या होत्या ते आता नीटसं आठवत नाही. डोकं पहिल्यासारखं चालत नाही माझं. तशीच होईल असं नाही सांगता येत.

सून : वाईट वाटतं हो. एवढं केलेलं.

आबा : वाटतं. काल पाऊण तास नुसता त्या कड्यावर उभा होतो. खाली-वर, खाली-वर करत बसलो लिफ्टनं. एकटाच.

सून : मला बोलवायचंत.

आबा : कुठल्या नावानं बोलवू? आणि तुला नको असेल तर तसं सांग हं. तुझं अजून वय आहे. रविवारची संध्याकाळ म्हाताऱ्यापाशी घालवावीस असं काही नाही. उद्या तुला कुणी भेटेल, फिरायला जाशील. मी समजून घेईन.

सून : आबा, रविवारी संध्याकाळी मी दुसरं काय करते?

आबा : मला कसं माहीत असणार?

सून : तुम्हालाच तर माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही.

आबा : मग पाठवू विनंती?

सून : पाठवा. पण त्यात विचारतील ना, नातं काय म्हणून? तिथं काय लिहायचं?

आबा : मोठ्यांना नाही विचारत.

सून : हे कुणी सांगितलं? मेहुण्यानं?

आबा : नाही. हे मी माझ्या मनानं म्हणतोय.

सून : घाला चष्मा. मान सरळ. कानामागं टोचतंय?

आबा : नाही.

सून : खाली बघा. घसरतोय?

आबा : नाही. छान बसलाय.

सून : आता घरी जाऊन परत स्क्रू ढिला करत बसू नका.

आबा : निघतो मी. तुझ्या डॉक्टरीणबाई येतील.

सून : येऊ देत. आबा, एक विचारू? रविवार झाला की पुढच्या रविवारपर्यंत काय करता हो तुम्ही घरी?

आबा : हेच. नव्या मशीनच्या बातम्या वाचतो. रोज काहीतरी नवीन लिहितात.

सून : एवढं काय वाचता त्यात? निम्मं खोटं असतं.

आबा : असू दे खोटं. शोधत असतो. कुणीतरी कुठंतरी लिहिलं असेल, की जुनं सगळं नव्यात येणार आहे. नावं, माणसं, सगळं होतं तसं.

सून : सापडलं की मला पण पाठवा.